यंत्र उघडल्याशिवाय सही नाही

ऑपरेशनची अवजारं जिथे धुऊन, वाफ देऊन निर्जंतुक करतात, त्या खोलीत मावशीने तेरा वर्षं नुसते ट्रे उचलले. नोंदवही इंग्रजीत, आणि इंग्रजी म्हटलं की ती वहीला हातच लावायची नाही. पण खोलीच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, तशी तिने कंबर कसली. पंचेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात जाणाऱ्या लेकीपुढे वही घेऊन बसली.

‘हॅव’ कधी लावायचं नि कधी नाही, ते समजावताना लेकीनं कपाळाला हात लावला. शेवटी मावशीनंच वाट काढली. “सातला ट्रे लावले, म्हणजे गेलेली वेळ सांगितली. तिथे हॅव नको. पण ट्रे तयार झालेत, आत्ता हात घाल नि घे, असं सांगायचं तर हॅव. बरोबर?”

लेकीनं वहीत बरोबरची खूण केली. मावशीला जागा मिळाली, आणि त्याबरोबर ‘हॅवमावशी’ हे नावही. चिडवोत बापडे.

त्या खोलीत एक जुनी खोड होती. यंत्र सुरू केलं की लगेच ‘हॅव बीन स्टरिलाइज्ड’, म्हणजे निर्जंतुक झालेत, असं लिहून लोक मोकळे व्हायचे. रोजचंच यंत्र, होणारच की! चौथ्या दिवशी दादांनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या कामगारानं, तशीच ओळ लिहून वही मावशीपुढे सरकवली.

“सही करा. पेशंट तयार आहे, मोठे डॉक्टर हात धुताहेत.”

मावशीनं आधी यंत्र उघडलं. पुरेशी वाफ लागली की आतली कागदी पट्टी काळी पडते. ही पिवळीच होती. वाफ नऊ वाजून दहा मिनिटांनीच थांबल्याचं यंत्रावर दिसत होतं.

“पट्टी खराब असेल,” दादा म्हणाले. “पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन अडवलंत तर ही जागा गेली म्हणून समजा.”

जागा जायची भीती मावशीलाही वाटली, खोटं कशाला सांगू. तरी तिने ती ओळ खोडली आणि कुणालाही न विचारता लिहिलं: ‘द मशीन स्टॉप्ड ॲट नाइन टेन. द ट्रेज हॅव नॉट बीन स्टरिलाइज्ड.’ यंत्र कधी थांबलं ते एकात, ट्रे आत्ता कसे आहेत ते दुसऱ्यात. खाली सही ठोकून वही थेट डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी दोनदा वाचलं. “दुसऱ्या यंत्रात लावा. मी थांबतो,” एवढंच म्हणाले.

बाहेर बाकावर पेशंटचे वडील ताटकळत होते. मावशी दिसताच त्यांनी तिला गाठलं. “बाई, उशीर कुणामुळे होतोय?”

“माझ्यामुळे, काका,” मावशी ताठ मानेनं म्हणाली. “अवजारं तयार झालीत असं मी लिहून दिलं की ऑपरेशन सुरू होतं. अजून झाली नाहीत, म्हणून लिहिलं नाही. आत माझी लेक असती तरी नसतं लिहिलं.”

म्हाताऱ्यानं मान डोलावली. “मग होऊ दे उशीर,” असं म्हणून तो परत बाकावर जाऊन बसला.