साहेबांना खुनी हवा होता

“टायपिस्ट, आज कुनाला मारू?”

कर्जत स्टेशनाजवळच्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात साहेब शिरले की पहिला प्रश्न हा. नवं गिऱ्हाईक दचकायचं. जुनी गिऱ्हाइकं हात वर करायची, “मला मारा साहेब, मला!”

साहेब इंग्रज. खुनाच्या कादंबऱ्या लिहायचे, कविताही करायचे. पळसदरीला वत्सलाबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत बारा वर्षं भाड्याने राहिले. मराठी बाईंकडूनच शिकले, त्यामुळे हा सहा फुटी लालबुंद गृहस्थ पायजम्यावर गमबूट चढवून “नाय रं, हाय की” असं बोलायचा. माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटायची. घ्या आता!

कविता ते सकाळी वत्सलाबाईंच्या म्हशीला म्हणून दाखवत. म्हैस रवंथ करत बसली तर कडवं पास. उठून गेली तर खोडलं. “बरी समीक्षक हाय,” म्हणायचे. त्या वह्या टाइप करायला माझ्याकडेच यायच्या. कित्येक कवितांची दोनच कडवी उरलेली असत, म्हैस फार कडक होती.

कादंबरीची पद्धत याहून अजब. खोटं माणूस आपल्याला लिहिताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पुस्तकातलं प्रत्येक माणूस गावातलं खरं, आणि तेही त्याच्या परवानगीने. घरी जायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, “पुढच्या पुस्तकात तुमाला मारू का?” प्रकरण टाइप झालं की त्याच माणसाला मराठीत सांगून दाखवायचं. एकदा दूधवाला खवळला. “चाळिसाव्या पानावर? आनि हिरीत बुडून? साहेब, आख्ख्या गावाला पवायला मी शिकवलं!” साहेबांनी माफी मागितली, त्याला दीडशेव्या पानापर्यंत जगवलं आणि मग डोक्यात नारळ घालून मारलं. दूधवाला खूश. पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते त्याने.

तर मरायला रांग, पण खुनी व्हायला कोणी तयार नाही. कोणाच्या पोरीचं लग्न ठरायचं होतं, कोणाला सरपंच व्हायचं होतं. मीसुद्धा नाही म्हटलं. लोक माझ्याकडे सातबारे आणि आधार कार्डं विश्वासाने ठेवून जातात हो! त्यामुळे सगळ्या कादंबऱ्यांत खुनी एकच, एक म्हातारा इंग्रज. शेवटी लंडनच्या प्रकाशकाने कळवलं, वाचकाला खुनी पहिल्याच पानावर कळतो, आता पुरे.

त्याच सुमारास साहेबांचं हृदय कुरकुरू लागलं. मुलीने इंग्लंडला परतायचं तिकीट काढलं. महिना उरला.

“एक पुस्तक, टायपिस्ट,” ते म्हणाले. “एकच. शेवटपर्यंत कुनाला कळू नये असं.” त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. या वेळी पुस्तकात मरणारे ते स्वतःच होते. मारणारं माणूस तेवढं मिळत नव्हतं, आणि शेवटचं प्रकरण त्यावाचून अडलं होतं.

ते वत्सलाबाईंकडे गेले. बाई भडकल्या. “रोज पंचशील म्हनते मी. त्यातलं पयलंच, जीव घेनार नाय. आनि तुमाला मारू? बारा वरसं भाकरी घालून?” चार दिवस त्यांनी साहेबांशी अबोला धरला. भाकरी मात्र वेळेवर जात होती.

जायला आठवडा राहिला, तेव्हा बाई माझ्या दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

“लिव,” म्हणाल्या. “मीच मारलं.”

“अहो, पण पंचशील?”

“शील मी घेतलंय, तुझ्या कागदानं नाय. पर आइक. इख नाय घालनार. माझ्या हातचं खाऊन मेला असं नको. झोपेत मारते. त्याला दुखाया नको.” एवढं बोलून त्या तडक उठल्या आणि टेंपो पकडून गेल्या.

साहेबांनी तीन दिवसांत प्रकरण पुरं केलं. बाईंच्या ओट्यावर बसून त्यांनी ते सांगितलं तेव्हा मीही होतो. उशी, झोपलेला म्हातारा, सगळं. ऐकून झाल्यावर बाई रडायला लागल्या.

“साहेब, मी करीन का वो असं?”

“नाय करनार, बाय,” साहेब म्हणाले. “म्हनून तर कुनाला वळखू येनार नाय.”

आणि नाहीच आलं! पुस्तक गाजलं. सुट्टीला पळसदरीत येणारी मंडळी निम्मं वाचलेलं पुस्तक मांडीवर ठेवून वत्सलाबाईंच्याच ओट्यावर बसतात, त्यांच्याच हातचा चहा पितात आणि खुनी कोण यावर वाद घालतात. गाव तोंड मिटून हसतं. मी मात्र तुम्हाला सांगून बसलो. कृपा करून बाहेर बोलू नका.

मागच्या थंडीत इंग्लंडहून साहेबांच्या मुलीचा फोन आला. साहेब गेले. सांगायला मीच पळसदरीला गेलो. बाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

“कसं गेलं रं साहेब?”

“झोपेत. काही कळलंसुद्धा नाही म्हणे.”

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, “मी तर हितंच व्हते रं.”