ऑरिनचा मोजा

वेंडेल स्ट्राउडच्या कॅम्परची डावी खिडकी बंद होत नाही. ती बिघडलेली नाही. तिची मूठ मीच काढली, त्याच्याच सांगण्यावरून, आणि भोकात स्क्रू मारून दिला. आमच्या गावात कॅम्पर, म्हणजे ट्रकवर बसणाऱ्या झोपायच्या खोल्या, दुरुस्त करणारा मी एकटा. लोक येतात ते खिडक्या घट्ट बसवून घ्यायला. नोव्हेंबरात डोंगरात उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली गोठते. तिथे कायमची उघडी खिडकी मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"थंडीने मरशील," मी म्हणालो होतो.

"थंडीने मेलेलं बरं," तो म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

वेंडेल मुळातच कमी बोलणारा. तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर होता. त्या गाडीत बोलायला कोणी नसतं, त्यामुळे सवय गेली असावी. लग्न केलं नाही. त्याची इस्टेट म्हणजे एक ट्रक आणि ट्रकच्या हौद्यात बसणारी ती खोली. उन्हाळाभर कॅम्पर अंगणात चार जॅकवर उभा असायचा, टेबलासारखा. सप्टेंबर लागला की वेंडेल ट्रक मागे घेत घेत त्याच्याखाली असा घालायचा की दोन्हीकडे बोटभर जागा उरायची. मागे उभं राहून हात दाखवणारा माणूस त्याला कधी लागला नाही. मग सप्टेंबर ट्राउट माशांचा आणि ऑक्टोबर अखेरीपासून पाच-सहा आठवडे एल्कच्या, म्हणजे त्या थोरल्या हरणांच्या, शिकारीचे.

आत दोन शेगड्या, एक टेबल, ते खाली पाडलं की त्याचाच बिछाना होतो, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येणारा माळा. वेंडेल खाली झोपायचा. माळ्यावर त्याचा मित्र ऑरिन हाउगेन. एकोणीस हंगाम दोघं असेच गेले. पहाटे चारला ऑरिन वरून फळीवर दोनदा ठोकायचा, म्हणजे 'जागा आहेस का'. खालून वेंडेल एकदा ठोकायचा, म्हणजे 'जागा आहे'. एवढ्यावर दोघांचं भागायचं.

विसाव्या हंगामात ऑरिन त्या कॅम्परमध्ये मेला.

ती गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे, आणि ती पाठ करून घेणारा मी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. ज्या मुलांना शिकारीचा परवाना हवा असतो त्यांना वर्गाला बसावं लागतं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर ऑगस्टला तो वर्ग मी घेतो. बंदूक कशी धरायची, कुंपण कसं ओलांडायचं, जनावराच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय चाप का ओढायचा नाही, हे सगळं सांगून झालं की शेवटी खिशातून लोकरीचा मोजा काढायचो. "मुलांनो, एका माणसाने छतावरच्या झरोक्यातून वारा येतो म्हणून त्यात असा मोजा कोंबला. खिडकी लावली. सकाळी ऊब यावी म्हणून शेगड्या पेटवून पडून राहिला. बंद जागेत शेगडीच्या जळण्यातून जो विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो. संध्याकाळी त्याचा मित्र परतला तेव्हा काचा आतून घामाने निथळत होत्या."

मी नाव घ्यायचो नाही. घ्यायची गरजच नव्हती. गावात कोणी काही गाढवपणा केला की पोरं म्हणायची, "ए, ऑरिनपणा करू नकोस." ऑरिनची बायको मार्लिस किराणा दुकानात रांगेत उभी असतानासुद्धा पोरं तिच्यादेखत असं म्हणायची. मेलेल्याला तोंड नसतं. त्याच्याबद्दल काहीही खपतं.

आठ वर्षांपूर्वी ऐन हंगामात माझा ट्रक बंद पडला, तेव्हा वेंडेलने मला बरोबर नेलं. माळ्यावर चढलो तर तिथे धुतलेली चादर, उशीला स्वच्छ अभ्रा.

"माझ्यासाठी एवढा थाट?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "पण झोप."

पहाटे खालून एक ठोका ऐकू आला आणि मी जागा झालो. मला उठवतोय असं वाटलं. खाली उतरलो तेव्हा तो पॅनकेक उलटत होता.

"हाक मारायची ना," मी म्हणालो. "ठोकतोस काय?"

"तू आधी दोनदा ठोकलंस."

"मी झोपलो होतो, वेंडेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे. "मग तू नव्हतास," तो म्हणाला आणि पॅनकेक माझ्या ताटलीत टाकला. लगेच दुसरा ओतायला घेतला. मला भीती वाटली ती त्याच्या या निवांतपणाचीच. पुढच्या दोन पहाटे मी मुद्दाम जागा राहिलो. वारा होता, ट्रकच्या स्प्रिंगा कुरकुरत होत्या. आणखी काय ऐकलं ते शपथेवर विचारलं तर मी सांगणार नाही. एवढं सांगतो, त्यानंतर त्या माळ्यावर झोपायला मी काही वर्षं राजी नव्हतो.

गेल्या ऑगस्टला वर्गात टिल्डा हाउगेन बसली होती. बारा वर्षांची, ऑरिनची नात. ही गोष्ट त्या दिवशी तरी गिळायला हवी होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी सवयीने मोजा काढला. अर्धं बोलून झाल्यावर सगळी पोरं वळून तिच्याकडे बघताहेत हे माझ्या लक्षात आलं. वेंडेल भिंतीपाशी उभा होता. मुलांना झरोका आणि गॅसची नळी प्रत्यक्ष दाखवता यावी म्हणून तो दरवर्षी कॅम्पर घेऊन यायचा, आणि दरवर्षी ही गोष्ट शेवटपर्यंत उभ्याने ऐकायचा. मला वाटायचं, मित्राची आठवण म्हणून येतो.

टिल्डा उठली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. "मिस्टर स्ट्राउड, तुम्ही तिथे होतात ना? माझे आजोबा खरंच इतके मूर्ख होते का?"

वेंडेल दार ढकलून बाहेर निघून गेला.

मी वर्ग सोडून बाहेर आलो तेव्हा तो कॅम्परच्या पायरीवर बसला होता. टोपी गुडघ्यावर.

"क्लेट," तो म्हणाला, "मोजा माझा होता."

मग त्याने सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही मला. त्या रात्री झरोक्यातून गार वारा सरळ त्याच्या मानेवर येत होता. उठून त्यानेच मोजा कोंबला, खिडकीही त्यानेच लावली. शेगडी तेव्हा विझलेली होती. ऑरिन गाढ झोपेत होता, त्याला पत्ताच नव्हता. पहाटे ऑरिनचा गुडघा धरला होता. "तू जा," तो म्हणाला, "मी चिलीचं कालवण करून ठेवतो." वेंडेल अंधारात निघाला आणि मोजा विसरला. त्या दिवशी त्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा नर मारला, घोड्याएवढा. तो फाडून, झाडाला टांगून यायला संध्याकाळ झाली. वाटेत तो शीळ घालत होता, हेही त्याने सांगितलं.

"शेरीफचा माणूस आला. त्यानेच झरोक्यातून मोजा ओढून काढला. म्हणाला, यानेच कोंबला वाटतं. आणि मी म्हणालो, असेल."

"एवढंच?"

"एवढंच. असेल. त्यावर आजवर जगलो."

मी त्याच्या शेजारी बसलो. माझ्या खिशात तो वर्गातला मोजा होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा रागही आला. वीस वर्षं एका शहाण्या माणसाला मी पोरांपुढे मूर्ख ठरवत होतो, आणि हा भिंतीला टेकून गप्प उभा. मी तसं म्हणालोही.

"मार खायलाच यायचो," वेंडेल म्हणाला. "तू बरा मारायचास." मग टोपी उचलून, "मार्लिसकडे चल माझ्याबरोबर. एकटा गेलो तर परत फिरेन. दरवर्षी फिरतो."

दर हंगामाला एल्कच्या पाठीचं मांस, सगळ्यात चांगला तुकडा, तो मार्लिसकडे नेऊन द्यायचा. ती कॉफी द्यायची. तो पिऊन उठायचा. गावात लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी.

मार्लिस स्वयंपाकघरात विणत बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, पाठ ताठ. तिने आमच्याकडे बघितलं आणि कॉफी ठेवायला उठली.

"बस, मार्लिस," वेंडेल म्हणाला. "कॉफी नको. तो मोजा माझा होता. मी कोंबला होता. ऑरिनने नाही."

ती बसली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. मग आतल्या खोलीत गेली आणि कागदी पिशवी घेऊन आली. शेरीफच्या ऑफिसने परत केलेल्या वस्तू: घड्याळ, चाकू, चष्मा, आणि एक करडा मोजा, वर लाल पट्टी. तिने तो टेबलावर ठेवला.

"दुकानातला आहे," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं ऑरिनच्या पायात मी विणलेल्याशिवाय दुसरा मोजा गेला नाही. पिशवी उघडली त्याच दिवशी मला कळलं."

वेंडेलने मोजा उचलून पुन्हा खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? दरवर्षी तू मांस घेऊन यायचास. मला वाटायचं, या वर्षी सांगेल. मी कॉफी पुन्हा ओतायची, म्हणजे तू आणखी थोडा बसशील. तू हवेबद्दल बोलून उठायचास." तिचा आवाज चढला नाही. "माझ्या नवऱ्याच्या नावाने पोरं शिव्या द्यायला शिकली. आणि तू," ती माझ्याकडे वळली, "तू त्यांना शिकवलंस."

मी खिशातला मोजा आणखी आत ढकलला.

"तो अजून ठोकतो, मार्लिस," वेंडेल म्हणाला. "पहाटे चारला. वरून, दोनदा. दर हंगामाला."

मार्लिस खुर्ची ओढून बसली. मोज्याच्या बातमीने जे झालं नव्हतं ते यानं झालं. "तुझ्याकडे येतो?" ती म्हणाली. "इथे पण तो असाच उठवायचा मला. पलंगाच्या फळीवर दोनदा ठोकायचा, उत्तर मिळेपर्यंत थांबायचा नाही. बावीस वर्षं मी पहाटे चारला जागी असते, वेंडेल. माझ्याकडे एकदाही आला नाही. आणि तुझ्याकडे दर हंगामाला?"

"मी ठोकतो उलट. उत्तर देतो."

"ते उत्तर नव्हे," मार्लिस म्हणाली. "तू त्याला तिथे अडकवून ठेवलंस."

वेंडेलने टोपीत तोंड घातलं. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि बघवतही नव्हतं. ती त्याच्याजवळ गेली नाही.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी त्या पोरांपुढे उभा राहा आणि मला सांगितलंस तेच सांग. मग हंगाम संपल्यावर कॉफीला ये."

शनिवारी तो उभा राहिला. सगळं सांगायला त्याला चार मिनिटंही लागली नाहीत. 'असेल' हा शब्दसुद्धा त्याने गाळला नाही. टिल्डा पहिल्या रांगेत बसली होती. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे आजोबांना माहीतच नव्हतं?" वेंडेल म्हणाला, "नाही, बाळ. त्यांना माहीत असतं तर त्यांनी मोजा काढून माझ्या तोंडात कोंबला असता." पोरं हसली, ती पण हसली. मी माझा मोजा घरी शेगडीत टाकला.

ऑक्टोबर अखेरीस हंगाम उघडला तेव्हा मी आपणहून वेंडेलबरोबर गेलो. माळ्यावर झोपलो. पहिल्या शनिवारी पहाटे चारला माझे डोळे उघडले. उघड्या खिडकीतून बर्फाचा वास येत होता. खाली वेंडेलही जागा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बराच वेळ गेला.

"क्लेट," तो म्हणाला. "तू काही ऐकलंस?"

"नाही."

"मीही नाही."

तो उठला नाही. फळीवर हात ठेवून पडून राहिला असावा, कारण बोटं हलल्याचा आवाज येत होता. "इतकी वर्षं म्हणायचो, थांबव रे बाबा," तो म्हणाला. "आता कुठे गेला असेल?" त्या पहाटे आम्हाला निघायला उशीर झाला, आणि त्या आठवड्यात वेंडेलची एक गोळी धड लागली नाही. शेवटी मी एक मादी मारली.

मांस घेऊन आम्ही मार्लिसकडे गेलो. तिने तीन कप काढले. वेंडेल हवेबद्दल बोलला नाही.

"ठोकलं नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

मार्लिसने आधी त्याचा कप भरला, मग माझा, मग स्वतःचा. किटली खाली ठेवली.

"इकडे ठोकलं," ती म्हणाली. "हंगामाच्या पहिल्याच शनिवारी. पहाटे चारला."

वेंडेलने कप उचलला होता तो तसाच धरून ठेवला. "मग तू काय केलंस?"

"एकदा ठोकलं," मार्लिस म्हणाली. "मग उठून कॉफी ठेवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोवर वेंडेल कॅम्पर घेऊन दारात उभा होता. खिडकीची मूठ जपून ठेवली आहेस का, असं त्याने विचारलं. मी ठेवली होती. आम्ही दोघांनी स्क्रू काढला, मूठ बसवली, आणि त्याने खिडकी लावून घेतली.