आईने ऐकलेली रॉकची कॅसेट

पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची एस.टी. लागली तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक बाबांनी स्वतः टपावर चढवली. ते प्राथमिक शिक्षक. आमच्या बौद्धवाडीतून परदेशी निघालेली पहिली मुलगी त्यांची होती, म्हणून त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. धाकटी मंदा माझ्या पर्सचा बंद सोडत नव्हती. आई मात्र लांब उभी होती. गाडी हलली तशी खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "पोचलीस का आवाज दे गो."

आई डोंगरातल्या कुडपण गावची. तिकडे माणूस डोंगरापलीकडे उतरला की ओरडून आवाज देतो, मग घरचे निर्धास्त होतात. मस्कतहून आवाज कसा द्यायचा, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. ऐंशी सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी नुकती नर्स झाले होते आणि मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती.

वाट निघाली ती कॅसेटची. गल्फला गेलेला जो तो तेव्हा हेच करायचा. टू-इन-वनसमोर, म्हणजे रेडिओ-टेपसमोर बसून बोलायचं आणि सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती कॅसेट द्यायची. महाडचे सलीमभाई तिथे ट्रेलर चालवायचे, ते आमच्या कॅसेटी न्यायचे-आणायचे. बाबा जसं सगळ्या वाडीला पत्र वाचून दाखवत, तशी माझी कॅसेटही अंगणात सगळ्यांसमोर लागायची. त्यामुळे कॅसेटमध्ये मी कधी खरं बोलले नाही. इथे एसी आहे, रोज चिकन आहे, मेट्रन लेकीसारखं वागवते. एसी होता. मेट्रनच्या कपाटात आमचे पासपोर्ट होते आणि ती आम्हाला नावाने नाही, हॉस्टेलमधल्या खाटेच्या नंबराने हाक मारायची. मी अकरा नंबर.

माझ्या वॉर्डात एक इंग्रज इंजिनियर होता, मोडलेला पाय वजनांना टांगलेला. त्याच्याकडे एक कॅसेट होती. रॉक आहे, पण सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा आहे, म्हणाला. ऑर्केस्ट्रा म्हणजे मला महाडला यायचा तो माहीत, सिनेमाची गाणी म्हणणारा. मी हौसेने ऐकायला घेतली आणि हबकलेच. आधी नुसती टिक टिक, आमच्या हार्ट मॉनिटरसारखी. मग सिंथेसायझरची घरघर, कशेडी घाटाच्या चढाला भरलेला ट्रक लागल्यासारखी. त्यावर गिटार किंचाळायला लागली आणि ध्यानीमनी नसताना चाळीस-पन्नास व्हायोलिनं एकदम उसळली. शब्द नाहीत, ध्रुवपद नाही, एक तुकडा कुठे संपला नि दुसरा कुठे लागला त्याचा पत्ता नाही. "हे गाणं आहे की मशीन बिघडलंय?" मी विचारलं. तो हसला नाही. परत एकदा ऐक, म्हणाला.

परत ऐकली. या वेळी व्हायोलिनं चढायला लागली आणि मला रडू फुटलं. का, ते आजही सांगता येणार नाही. घरून निघाल्यापासून मी रडले नव्हते, एवढं खरं.

मग एका दुपारी, खोलीतल्या बाकीच्या ड्युटीवर असताना, मी शेजारचा टेप मागून आणला. दोन टेप समोरासमोर ठेवले, एकावर ती कॅसेट लावली आणि दुसऱ्यावर कोरीत उतरवून घेतली. असं उतरवताना खोलीत चकार शब्द काढायचा नसतो, नाहीतर तोही रेकॉर्ड होतो. मी शब्द काढला नाही, पण ओढणीचा बोळा तोंडात धरून दोन्ही बाजू संपेपर्यंत रडले. एवढ्या गदारोळात आपलं काय ऐकू येणार, असं वाटलं.

पुढे बाबांची कॅसेट आली. मंदाचं नर्सिंग संपत आलं होतं आणि मुंबईचा एजंट तिलाही मस्कतला पाठवायला तयार होता. "शालिनी, नीट विचार करून सांग. तू हो म्हणालीस तरच मंदाला पाठवू." मी "हो, खुशाल पाठवा" म्हणून रेकॉर्ड केलं. नाही म्हटलं असतं तर दीड वर्षाचं खोटं उघडं पडलं असतं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला कुणीतरी आपलं माणूस जवळ हवं होतं.

सलीमभाई विमानतळावर निघाले होते. गेटवर हॉर्न वाजला, मी धावत खोलीत गेले, टेबलावरची कॅसेट रुमालात गुंडाळली नि देऊन आले. दोन्ही कॅसेटी एकाच बनावटीच्या, नाव कुठलीवरच नाही. ड्युटी संपवून आले, चहा घेतला आणि ती व्हायोलिनं ऐकावी म्हणून बटण दाबलं.

"बाबा, आई, नमस्कार. मी इथे मजेत आहे."

माझाच आवाज. सलीमभाईंचं विमान केव्हाच उडालं होतं. वाडीत फोन कुणाकडेच नव्हता. तार करावी तर काय लिहू? मी चूक कळवणारं पत्र टाकलं आणि ते वेळेत पोचणार नाही हे टाकतानाच कळत होतं.

घरी काय झालं ते मंदाने मला नंतर सांगितलं. अंगण भरलं होतं. बाबांनी बटण दाबलं आणि टिक टिक सुरू झाली, मग घरघर, मग ती किंकाळी. पोरं कानांवर हात ठेवून पळाली. काका म्हणाले, "टेप बिघडला तुमचा." बाबा बंद करायला उठले तर आईने हात धरला. "ऱ्हाऊ द्या. पोरीने धाडलाय, सरंपर्यंत ऐकायचा." लोक एकेक करून उठून गेले. आई स्पीकरला कान लावून बसली. एक बाजू संपली, तिने दुसरी लावायला लावली. तीही संपली तेव्हा म्हणाली, "मंदा जायची नाय."

"का?" बाबा म्हणाले.

"शाली रडते हाय."

"अगं, ती वाद्यं आहेत."

"वाद्यं कळतात मला. त्यांच्या खाली शाली हाय."

महिन्याने सलीमभाई तीच कॅसेट परत घेऊन आले. आमच्याकडे कॅसेटमध्ये बाबाच बोलत, आई कधीच नाही. मी बटण दाबलं आणि आईचा आवाज आला. "शाले, मी आय बोलते. तू रडलीस ती मी ऐकली. मंदाला धाडीत नाय. आता चिकन-बिकन सांगू नको. रडायचा तर टेपात रड गो. मी एकटी ऐकीन, वाडीला नाय लावणार." खट्ट. आणि पुढे अर्ध्यातूनच व्हायोलिनं.

मी कॅसेट मागे फिरवून तेवढंच पुन्हा ऐकलं.

त्यानंतर मी आईला खोटं कधी बोलले नाही. नोकरी मात्र सोडली नाही. मस्कतहून पुढे इंग्लंडला आले, इथलीच झाले. मंदा पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यातच राहिली आणि अजून चिडून म्हणते, "तू रडलीस आणि माझं विमान चुकलं." खरं आहे. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी मंदा होती, मी नव्हते. कोणाचं काय चुकलं ते आता मला ठरवता येत नाही.

त्या अल्बमची स्वच्छ प्रत इथे दुकानात मिळाली. घरी आणून लावली, काहीच वाटलं नाही. ती जुनी कॅसेट मात्र मी जपून ठेवली आहे. आईचा आवाज संपला की पुढचं सगळं हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकते. इतक्या वर्षांत एकदाही मला माझं रडणं ऐकू आलेलं नाही. मंदालाही नाही. बाबांनाही आलं नव्हतं.

घर कुठे, असं कुणी विचारलं की मी पोलादपूर सांगते. पण माझं घर त्या अंगणातल्या स्पीकरला लागलेला तो एक कान होता, आणि तो आता नाही. आईचं सगळं आटोपून परवा इंग्लंडला परत आले. कुलूप काढलं, बॅग दारातच ठेवली आणि रिकाम्या घरात मोठ्याने ओरडले, "आये, पोचले गो!"