टियर थ्रीचा देश

"ब्लॉक करून टाक ना, दोन मिनिटांचं काम आहे," प्रशांत म्हणाला. तो माझा मॅनेजर, मूळचा नागपूरचा. आमची कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधली कंपनी जगभरातल्या वेबसाइट्स होस्ट करते, म्हणजे त्यांना आमच्या सर्व्हरवर जागा देते. एखाद्या सरकारनं साइटविरुद्ध ऑर्डर पाठवली, की ती आधी माझ्याकडे येते.

ही ऑर्डर एका चिमुकल्या बेटदेशाच्या मीडिया कमिशनची होती. तिथल्या एका वर्तमानपत्राची नोंदणी संपली, म्हणून त्याची साइट 'जिओ-ब्लॉक' करा, म्हणजे त्या देशातल्या लोकांपुरती दिसेनाशी करा. बाकी जगाला दिसली तरी चालेल. बाकी जगाला त्या बेटाचं काय पडलंय!

नियमानुसार मी वर्तमानपत्राला कळवलं. संपादक मारियाबाईंचा लगेच फोन आला. नोंदणीचा अर्ज त्यांनी वेळेत केला होता, कमिशनच तो दाबून बसलं होतं. छापखाना आधीच बंद पाडलेला, त्यामुळे साइट हेच वर्तमानपत्र. बंदराचं कंत्राट मंत्र्याच्या मेव्हण्याला कसं मिळालं, ही बातमी त्यांनी लावून धरली होती. आणि पुढच्याच आठवड्यात निवडणूक होती.

ऑर्डरवर कोर्टाचा शिक्का नव्हता. मी प्रशांतला म्हटलं, लीगलकडे पाठवू.

"टियर थ्री आहे यार. लीगल बघत नाही."

हे टियर प्रकरण असं. ज्या देशातून धंदा जास्त, तो टियर वन. त्याची ऑर्डर आली की आमचे वकील शब्दाशब्दाचा कीस पाडतात. धंदा नगण्य असेल तर टियर थ्री. तिथे मुदतीत हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझं डोकंच फिरलं.

"उद्या पुण्यातल्या पेपरबद्दल अशी ऑर्डर आली तर?"

"इंडिया टियर वन आहे," तो शांतपणे म्हणाला.

मी क्लिक करायला साफ नकार दिला आणि लीगलला थेट मेल केलं. प्रशांतनं स्वतःच्या लॉगिननं ब्लॉक टाकला. मुदत चुकली असती तर डॅशबोर्डवर आमची टीम लाल दिसली असती ना!

लीगलचं उत्तर आलं: ऑर्डर बेकायदा, त्यांच्याच कायद्यात कोर्टाची परवानगी लागते. तोवर मतदान उरकलं होतं आणि मंत्री पुन्हा निवडून आला होता. आम्ही साइट चालू केली. मारियाबाईंनी आभार मानले नाहीत, ते योग्यच. कमिशननं मात्र मेल पाठवून 'तत्पर सहकार्याबद्दल' मानले. प्रशांतनं वर 'ग्रेट जॉब' लिहून ते मेल सगळ्या टीमला फॉरवर्ड केलं.

लहान देशातलं वर्तमानपत्र बंद पाडायला पोलीस पाठवावे लागत नाहीत. कॅलिफोर्नियातली वेळेवर काम करणारी एक टीम पुरते.