हाराखालची तार

शर्यतीत माझा धाकटा भाऊ पहिला कधीच आला नाही, पण धूळ उडवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. जुनी टू-स्ट्रोक गाडी, तिचे दिवे, आरसे, पत्रे काढून टाकलेले, जाड खाचांचे टायर चढवलेले. नाशकात त्या काळी पोरांना मातीच्या शर्यतींचं वेड लागलं होतं. शहराबाहेरच्या एखाद्या मैदानावर मातीचे ढिगारे रचायचे आणि त्यावरून गाड्या उडवायच्या. आमचा मळा मखमलाबादला, झेंडू आणि भाजीपाल्याचा. भाऊ मळ्याशेजारच्या पडीक रानात सराव करायचा आणि आई झेंडू तोडता तोडता कान त्या आवाजाकडे लावून असायची. आवाज थांबला की तिचे हातही थांबायचे.

आदल्या वर्षी एका उडीत तो पडला आणि गळ्याजवळचं हाड मोडून घरी आला. तेव्हापासून आईने त्या गाडीशी अबोला धरला होता. अंगणातून जाताना ती तिच्याकडे बघतसुद्धा नसे. वडिलांना काही विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या आईला विचारा."

म्हणून त्या दसऱ्याला घडलं ते नवलच होतं. ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, विळे, खुरपी यांची पूजा झाल्यावर आई आपण होऊन भावाच्या गाडीपाशी गेली. विक्रीच्या ढिगातले टपोरे झेंडू वेगळे काढून तिने दाट हार ओवला होता. तो हँडलला बांधला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भावाने खुशीत किक मारली. गाडी चालू झाली नाही. पुन्हा मारली, घाम फुटेपर्यंत मारली. गाडी ढिम्म.

मी तेव्हा सासरी, सिडकोत होते. शेजाऱ्यांच्या फोनवर भावाचा रडवेला आवाज आला, "ताई, गाडी गेली." मला वाटलं चोरीला गेली. मग सगळा प्रकार कळला. आईचं म्हणणं, देवीने कौल दिला. तिने भावाकडून कबूल करून घेतलं होतं की रविवारच्या शर्यतीपर्यंत गाडी चालू झाली नाही तर ती भंगारात जाईल आणि नंतर दुसरी येणार नाही. भावाने हो म्हटलं होतं. आईपुढे नाही म्हणायची आमच्यापैकी कुणाची टाप होती?

शनिवारी सकाळी मी माहेरी पोचले. आयटीआयला मी वायरमनचा कोर्स केला होता आणि सातपूरच्या कारखान्यात पॅनेल जोडत होते. वीज कुठे अडली ते शोधणं माझ्या हातचा मळ, असं मी तेव्हाही बेधडक सांगायचे, आजही सांगते. भाऊ मात्र खांदे पाडून बसला होता. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांनी इंजिनची बाजू उघडून ठेवली होती. त्यांच्या मते ठिणगीला वीज पुरवणारी आतली कॉइल जळाली होती आणि नवी पुण्याहून यायला दिवाळी उजाडणार होती.

मी प्लग काढला, वायरच्या टोकाच्या टोपीत पुन्हा बसवला, त्याचं लोखंड इंजिनला टेकवलं आणि भावाला किक मारायला सांगितली. ठिणगी नाही. प्लग नवा होता, म्हणजे त्याचा दोष नाही. टोपी बदलून पाहिली. तरी अंधार.

"ही शेवटची चालू कधी होती?" मी विचारलं.

"दसऱ्याला सकाळी. पाणी गेलं असणार आत. लय धुतली ना."

"धुण्याआधी की नंतर?"

"नंतर. धुतली आणि चालवतच आणली की ओट्यापाशी."

"मग पाण्याला कशाला नावं ठेवतोस? धुतल्यावर चाललेली गाडी ओट्यापाशी उभ्या उभ्या बिघडली. मध्ये काय झालं?"

"पूजा," तो घराकडे बघत म्हणाला. ओट्यावर आई शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

आजारी माणसाला आधी काय खाल्लंस ते विचारतात, चिरफाड नंतर. इथे सगळ्यांनी चिरफाडीपासूनच सुरुवात केली होती. मी टाकी उचलली. गाडी बंद करायच्या बटणाची तार हँडलवरून खाली येते आणि टाकीखाली जोडलेली असते. बटण दाबलं की ती तार लोखंडाला टेकते आणि ठिणगी मरते. मी तो जोड सोडवला. "मार किक."

प्लगच्या टोकावर निळी ठिणगी तडतडली. भाऊ ओरडलाच. मला माझाच इतका अभिमान वाटला की मी सासरची सून आहे हे विसरून शिट्टी वाजवली.

"राहू दे तशीच सुटी," तो म्हणाला. "चालतेय ना!"

"आणि पडलास तर बंद कशी करणार? शर्यतीआधी तपासणारे बघतील ते वेगळंच."

कॉइल ठणठणीत होती. बटणाची तार वर कुठेतरी लोखंडाला टेकत होती, एवढाच रोग. ती हाताने चाचपत मी हँडलपर्यंत गेले आणि थांबले. तार हाराखाली शिरत होती. दसऱ्याचा हार आमच्याकडे दिवाळीपर्यंत गाडीवरून काढत नाहीत. झेंडू सुकून काळा पडला होता, तरी भावाने, गॅरेजवाल्यांनी, सगळ्यांनी तो जपून बाजूला सारतच काम केलं होतं. सगळं इंजिन उघडलं, पण हाराला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. खरं सांगायचं तर माझीही झाली नाही.

"आई," मी हाक मारली, "हा हार तुलाच काढावा लागेल."

"दिवाळीपातूर नाय काढायचा."

"माहीत आहे. म्हणून तर तुला बोलावलं."

ती सावकाश उठून आली. सुकी फुलं तिने ओंजळीत उतरवली आणि खाली बांधायची बारीक लोखंडी तार दिसली, पीळ देऊन घट्ट आवळलेली. ती बटणाच्या तारेचं आवरण कापून आत रुतली होती.

"दोऱ्यानं बांधला असता," आई पुटपुटली, "पण ही गाडी लय हादरती. वाटंत हार पडला असता. मला नको होतं ते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी माझ्याच हातानं झालं?"

"तुझ्याच हातानं. देवीला मध्ये ओढू नकोस."

मला वाटलं ती चिडेल. ती ओट्याच्या कडेला टेकली. फुलं ओंजळीतच होती.

"खरं सांगू? बंद पडली तवा मला लय बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, म्या नाय अडवलं पोराला. देवीनं अडवलं. म्या तर हार घातला हुता."

भाऊ टायरकडे बघत उभा राहिला. आता देवी बाजूला झाली होती. नाही म्हणायचं तर ते आईनेच स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं होतं, आणि तिने ते म्हटलं असतं तर आम्ही दोघांनीही निमूट ऐकलं असतं. मी उगाच पक्कड पुसत बसले. लोखंडी तार सोडवून काढली, काप गेलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली, टाकीखालचा जोड पुन्हा लावला, बटण दाबून तपासलं. इंजिनची बाजू भावाने बंद केली.

आई आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताज्या झेंडूचा लहानसा हार होता आणि साधा पांढरा दोरा.

"तू शिकलेली हायस," ती मला म्हणाली. "आता नीट दाखव. कुठं बांधला तर हिचं काय बी अडायचं नाय?"

मी नंबराच्या पाटीचा कोपरा दाखवला, जिथे एकही तार नव्हती. तिने तिथे दोऱ्याची गाठ मारली. मग भावाच्या त्या मोडून सांधलेल्या हाडावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि मागे सरली.

"मार किक," आई म्हणाली.