आधी पाणी, मग ॲसिड

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून दाखवला आणि धाकट्याला म्हणाली, "आजीकडून शीक. तिच्या लॅबमध्ये कधी थेंबसुद्धा सांडला नसेल." मी हसले. पण सांडलं होतं. आणि त्यानंतर मी जे केलं, ते तुमच्या आजोबांनाही कधी पूर्ण सांगितलं नाही. आता थोरली स्वतः ॲसिड हातात घेणार, म्हणून लिहिते.

घोडेगावच्या रस्त्याला एका दूध संघाची प्रयोगशाळा मी सांभाळत असे. दुधातली फॅट मोजायला नमुन्यात सल्फ्युरिक ॲसिड घालावं लागे. विकत आणलेलं ॲसिड फार तीव्र, म्हणून ते आधी थोडं पातळ करायचं. दिसायला ते अगदी निरुपद्रवी. तेलासारखं दाट, ना वास, ना धूर. पण पाण्याशी गाठ पडली की भयंकर तापतं. म्हणून मोजलेलं पाणी आधी भांड्यात घ्यायचं, भांडं गार पाण्याच्या टबात ठेवायचं आणि ॲसिडची बारीक धार ढवळत ढवळत सोडायची. ॲसिडवर पाणी ओतलं, तर ते वरच्यावरच उकळतं आणि ॲसिड घेऊन अंगावर उडतं.

हा नियम मी वळणदार इंग्रजीत लिहून काचेच्या चौकटीत लावला होता. पाहुणे थांबून वाचत आणि अक्षराचं कौतुक करत. हातमोजे आणि चष्मे मळू नयेत म्हणून कपाटात असत. किल्ली माझ्या पर्समध्ये.

बाटल्या धुवायला एक बाई होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. ॲसिडला मी तिला हात लावू देत नसे. का, ते मात्र कधी सांगितलं नाही. त्या सकाळी मी तिच्यावर खेकसले होते, "सगळं मीच सांगायचं का? जरा स्वतःचं डोकं चालवत जा." मग मला साहेबांच्या केबिनमध्ये उशीर झाला. बाहेर दुधाचे टेम्पो खोळंबले, पातळ केलेलं ॲसिड संपलं. तिनं डोकं चालवलं.

किंकाळी ऐकून मी धावले. ड्रायव्हर ओरडत होता, "दूध वता, दूध!" मी त्याला ढकललं आणि तिचा उजवा हात नळाखाली धरला. ॲसिड उडालेला पदर काढून फेकला. दवाखान्यात न्यायला गाडी येऊन उभी राहिली तरी पाणी थांबवलं नाही. तेवढं मी बरोबर केलं. डोळे वाचले. नळाशी उभी असताना ती म्हणाली, "बाई, दही घट्ट आसलं की आपन पानीच वततो ना त्यात? ह्ये बी घट्टच हुतं."

जन्मभर ताक केलेला हात तो. दुसरं काय करणार होता?

दोन दिवसांनी साहेबांनी अहवाल मागितला. "बाई, भिंतीवर सूचना होती ना?"

"होती."

"मग तेवढंच लिहा. चूक तिची."

मी लिहिलं, 'सुरक्षेची सूचना प्रयोगशाळेत ठळकपणे लावलेली होती.' वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्या वाक्यावर तिचं काम गेलं.

हाताला पट्टी बांधून ती आपला डबा न्यायला आली. चौकटीसमोर थांबली. "बाई, ह्यात काय लिवलंय?"

"आधी पाणी, मग ॲसिड."

"येवढंच व्हय? मग मराठीत लिवायचं की! मी चौथी शिकल्याली हाय."

तीन वर्षं ती माझ्या हाताखाली होती. तिला वाचता येतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. केबिन वीस पावलांवर होती. जाऊन तो कागद परत मागता आला असता. मी टेबल पुसत बसले. स्वच्छ होतं, तरी पुसलं.

पुढच्या आठवड्यात मी मराठी पाटी लावली. कुणी कारण विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचा पत्ता शोधून शेवगावला गेले. ती आता तिथे मुलाकडे असते. दारात मला पाहून म्हणाली, "आलात व्हय बाई? लई लवकर आलात!" मग आत नेलं आणि डाव्या हातानं ताक घुसळलं. मी अहवालात काय लिहिलं होतं, ते सांगितलं. माफी मागितली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तवाच समजलं हुतं." माफ केलं, असं ती म्हणाली नाही. पेला पुढे सरकवला. "प्या. आंबट व्हईल."

चौकट मी निवृत्त होताना घरी आणली, ती माळ्यावर आहे. मराठी पाटी तिथेच भिंतीवर आहे. अहवाल संघाच्या दप्तरात आहे, माझ्या सहीसकट. आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.