पडणारा कुठं जाईल?

“ते सगळं राहू द्या, सर. पडनारा कुठं जाईल, ते सांगा आधी.”

आमच्या नगरच्या मोटरसायकल क्लबात कुणीही शर्यतीसाठी नवी जागा सुचवली की अण्णा एवढंच विचारायचे. सुचवणारा मोठ्या हौसेनं सांगत असायचा. मैदान सपाट आहे, रस्त्याला लागून आहे, पार्किंग आहे, पाण्याचा टँकर आत येतो. अण्णा डोळे मिटून ऐकून घेत आणि मग हा प्रश्न टाकत. समोरच्याचा फुगा तिथंच फुटायचा, कारण मोटरसायकल कुठून कुठं जाईल हे आम्ही सगळ्यांनीच बघितलेलं असायचं. पडणाऱ्याचा विचार कुणी केलेला नसायचा.

आमची स्पर्धा साध्या गाड्यांची. शोरूममधून घेतली तशीच गाडी आणायची. आरसे आणि इंडिकेटर काढून ठेवायचे, बाकी इंजिनाला हात लावायचा नाही. त्यामुळे येणारी माणसंही साधीच. सोमवारी ज्या गाडीवर दूध घालायचं किंवा कामावर जायचं, तीच गाडी रविवारी शर्यतीत. वर्षातून चार फेऱ्या, जिल्ह्यात चार ठिकाणी, आणि चारही फेऱ्यांचे गुण मिळून विजेता ठरायचा. मी हायस्कुलात शिक्षक. परवानग्यांचे अर्ज सुवाच्य अक्षरात लिहितो म्हणून क्लबाचा सचिव झालो. अण्णांचं स्टेशन रोडच्या बाजूला गॅरेज होतं. साठी ओलांडलेली, उजवा गुडघा दुखरा, शर्टाच्या खिशात कायम टायरमधली हवा मोजायचं यंत्र. जागा निवडायचं काम त्यांचं. म्हणजे आम्ही निवडायची आणि त्यांनी नाकारायची, असं मला पहिली दोन वर्षं वाटत होतं.

त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत अजब होती. जागा बघायला जाताना पिकअपमध्ये तीन-चार जुने टायर टाकायचे. सरळ पट्टा संपून वळण सुरू होईल तिथवर पिकअप जोरात न्यायची, आणि मागच्या हौद्यात उभं राहून अण्णांनी टायर सोडून द्यायचा. पिकअप वळायची, टायर सरळ जायचा. तो जिथं थांबेल तिथवर अण्णा लंगडत चालत जायचे, आसपास बघायचे, पायानं दगड उलथायचे.

“टायरला हात-पाय न्हाईत म्हनून तो खोटं बोलत न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. मला ते कधी कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

राहुरीजवळ एका उन्हाळ्यात आम्हाला फार छान माळ मिळाला होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी चुन्यानं आखणी चालू असताना दुसऱ्या वळणापाशी एक टिटवी आमच्या डोक्यावर येऊन ओरडायला लागली. अण्णांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं, आणि गुडघा दुखत असूनही वाकून वाकून शोधलं. खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती. त्यांनी भोवती काठ्या रोवल्या, लाल फडकं बांधलं आणि वळण पंधरा पावलं आत घ्यायला सांगितलं.

“अण्णा, वळण फार आवळतंय,” मी म्हणालो. “पोरं बोंबलतील.”

“बोंबलू द्या. तिला हलवता येत न्हाई, वळन हलवता येतं.”

दुसऱ्या दिवशी पोरंही बोंबलली आणि टिटवीही. दिवसभर दोघांनी आमच्या नावानं शंख केला. संध्याकाळी धूळ बसली तेव्हा ती गुपचूप अंड्यांवर येऊन बसलेली होती. अण्णांनी मला लांबूनच ती दाखवली. शर्यतीत कोण पहिलं आलं ते मात्र त्यांनी मला विचारून घेतलं.

आमचं खरं वाजलं ते कर्जतच्या फेरीवरून. तिकडच्या एका मोठ्या बागायतदारानं स्वतःची पडीक जमीन देऊ केली होती. मंडप त्याचा, जेवण त्याचं, रोलर फिरवून देणंही त्याच्याकडे. अण्णा तेव्हा एका लग्नासाठी परगावी होते. मी जाऊन जमीन बघितली, भारावलो आणि शब्द देऊन आलो. पोस्टरही छापली. अण्णा परत आल्यावर त्यांना पोस्टर दाखवलं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “छान छापलंय. उद्या टायर घेऊन जाऊ.”

“आता कशाला?” माझा आवाज चढला. “दरवेळी खोडा घालायलाच पाहिजे का? शर्यत पंधरा दिवसांवर आली. त्या माणसाला मी काय तोंड दाखवू?”

“तोंड मी दाखवतो. तुमी फक्त गाडी चालवा.”

दुसऱ्या दिवशी पिकअप मी चालवली. बागायतदार पांढऱ्या कपड्यांत, चार माणसं घेऊन, मंडपाच्या जागेवर उभा होता. लांबलचक सरळ पट्टा, मनासारखी जमीन. टोकाला मी गाडी वळवली आणि अण्णांनी टायर सोडला. तो उड्या मारत गेला, वाळल्या गवतात शिरला, पुढं वेड्या बाभळींच्या जाळीत घुसला आणि दिसेनासा झाला. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग खोलवरून आवाज आला. धप्प.

आम्ही सगळे धावलो. जाळीमागं जुनी, कठडा नसलेली विहीर होती. तळाशी थोडं पाणी, त्यात आमचा टायर गोल गोल फिरत होता. मी या जाळीपाशीच उभा राहून फोटो काढून गेलो होतो.

बागायतदार ओशाळला, पण माघार घेईना. “विहीर हाय हे मला ठावं हुतं. पन ती लई लांब पडती. आजवर आमच्या विहिरीत कुनी पडलं न्हाई.”

“आजवर इथं कुनी साठच्या स्पीडनं आलं बी न्हाई, दादा,” अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. गिऱ्हाइकाला गाडीचा आजार समजावून सांगावा तसं ते बोलले.

आता जागा गेली असं मी धरूनच चाललो होतो. अण्णा मात्र विहिरीकडे पाठ करून उलट्या दिशेला बघत होते. मग म्हणाले, “शर्यत उलटी पळवू. तिकडून इकडं न्हाई, इकडून तिकडं. मग पडनारा तुमच्या मंडपाकडं येतो. तिथं मोकळं रान हाय. तेवढं नांगरून द्या, ढेकळं बारीक करा. मानूस त्यात रुतून थांबतो.”

“आन मंडप?”

“मंडप हलवायचा. पार त्या लिंबांच्या कडंला.”

“तिथनं मला काय दिसंल?” बागायतदाराचा चेहरा पडला. “चार गावचे पाहुने बोलावलेत मी. त्यास्नी काय धूळ दाखवू?”

“मंडप तिथंच ठेवला तर,” अण्णा शांतपणे म्हणाले, “पडनारा थेट तुमच्या मांडीवर येऊन बसंल.”

बरोबरची माणसं तोंड फिरवून हसली. बागायतदारानं त्यांच्याकडे रागानं बघितलं आणि मग त्याला स्वतःलाच हसू फुटलं. “लई चिवट मानूस हाय हो तुमचा,” तो मला म्हणाला. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर रानात लागल्याचा फोन आला. विहिरीच्या बाजूला त्यानं न सांगताच तारेचं कुंपण घातलं होतं.

शर्यतीच्या दिवशी मैदानाचे शेवटचे दोन वळसे उरले असताना श्रीरामपूरकडची एक मुलगी पडली. दवाखान्यात नर्स होती ती, आणि रोज ड्यूटीला जायची तीच गाडी घेऊन आली होती. तिसऱ्या नंबरवर पळत होती. सरळ पट्टा संपताना पुढचं चाक घसरलं, गाडी एकीकडे गेली, ती दुसरीकडे. मी अण्णांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं. ती नांगरलेल्या ढेकळांत तीन-चार कोलांट्या खाऊन थांबली. उठून बसली. हेल्मेटच्या काचेवरची माती पुसली, आमच्या माणसांनी गाडी उचलून दिली, आणि सगळ्यात शेवटी का होईना, तिनं शर्यत पुरी केली. लिंबांखालच्या मंडपात पाहुणे उभं राहून टाळ्या वाजवत होते. बक्षीस समारंभात बागायतदारानं पहिल्या आलेल्याला फेटा बांधला आणि मग तिलाही बोलावून बांधला. ती हसत होती आणि तिच्या केसांतून माती गळत होती.

ती शर्यत पुरी करून आली तेव्हा कुठं अण्णांनी माझा दंड सोडला होता. ते खाली बसले आणि पाणी मागितलं.

परतताना मी गाडी चालवत होतो. मांडवगणच्या पुढं आल्यावर ते आपणहून बोलायला लागले. तरुणपणी ते स्वतः शर्यतीत पळायचे. अशीच एक जागा त्यांनी आणि त्यांच्या मित्रानं मिळून निवडली होती. वेग छान मिळतो म्हणून.

“मी पहिला आलो त्या दिवशी. कप हातात घेताना कळलं, मागं कुनीतरी पडलंय. तोच हुता. दगडी बांधावर आपटला. सर, त्याच बांधावर बसून मी सकाळी बुटाच्या नाड्या बांधल्या हुत्या. मला दिसला कसा न्हाई?”

“आता कुठं असतात ते?”

“पारनेरला बी-बियानाचं दुकान हाय. काठी घेऊन चालतो. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढायला सगळ्यांच्या पुढं. मला कधी एका शब्दानं बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं.”

त्या दिवसानंतर क्लबात कुणी अण्णांना खोडा घालणारा म्हटलं तर मला ते सोसत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गॅरेज त्यांनी हाताखालच्या मिस्त्रीला दिलं आणि काकूंना घेऊन मुलीकडे राहुरीला राहायला गेले. यंदाच्या जागा आम्हीच निवडल्या. भांडलो, टायर सोडले, एक जागा नाकारली. चौथी ठरेना म्हणून तिचे फोटो घेऊन मी राहुरीला गेलो. त्यांनी मोबाईल लांब धरून दोन फोटो बघितले आणि परत दिला.

“तुमी सोता चालून बघितलं ना सगळं?”

“बघितलं.”

“मग मला काय इचारता?” असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी आतून उसाचा रस मागवला आणि मला नव्या गुडघ्यानं जिना चढून दाखवला.

तेवढ्यात काकू हेल्मेट घालून बाहेर आल्या. वयाच्या साठाव्या वर्षी त्या स्कूटर चालवायला शिकल्यात, हे मला तेव्हाच कळलं. बाजारात निघाल्या होत्या. अण्णा पिशवी मांडीवर घेऊन निमूटपणे मागं बसले, एक पाय जरा बाहेर काढून. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. रस्त्याच्या टोकाला काकूंनी डावा इंडिकेटर लावला. मागून अण्णांनीही आपला डावा हात लांब करून धरला, आणि दोघं हळूच वळून गेले.